संच घेण्याआधी वेळापत्रक उघडा

ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा लोकवर्गणीतून शाळेला काही द्यायचं ठरलं की हल्ली पहिलं नाव निघतं ते स्मार्ट टीव्हीचं. एखादी कंपनी सीएसआर निधीतून टॅब द्यायला तयार असते, माजी विद्यार्थी प्रोजेक्टर घेऊन येतात, समग्र शिक्षातून संगणक कक्ष मंजूर होतो. वस्तू शाळेत येते, उद्घाटन होतं, आणि त्यानंतर शिक्षक एकत्र बसतात ते 'आता हे वापरायचं कसं' हे ठरवायला. क्रम उलटा झालेला असतो. मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी हा लेख लिहिताना माझा आग्रह एकच आहे. तंत्रज्ञानाचं नियोजन हे मुळात वेळेचं नियोजन आहे. कोणता संच घ्यायचा हे नंतर ठरवता येतं. तो कोणत्या तासाला, कोणत्या मुलांसाठी आणि कशाऐवजी वापरणार, हे आधी ठरायला हवं.

कशाऐवजी, हे विचारायचं राहूनच जातं. शाळेचा दिवस ताणता येत नाही. पडद्यापुढे गेलेली वीस मिनिटं वाचनाची, खेळाची किंवा बाईंनी जवळ बसून समजावण्याची असतात. गुजरातमधल्या दोन प्रयोगांत याचा परिणाम स्वच्छ दिसला. वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकापुढे दोन मुलं. त्यातला एक तास शाळेच्या वेळेतला आणि दुसरा शाळा भरण्याआधीचा किंवा सुटल्यानंतरचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. गणितातली प्रगती लक्षणीय होती, मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला. याच अभ्यासगटातले ली लिंडन यांनी पुढे ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत संगणकावरचं गणित दोन तऱ्हांनी देऊन पाहिलं. काही ठिकाणी शिकवण्याच्या वेळातच मुलांना संगणकावर बसवलं. काही ठिकाणी नेहमीचा वर्ग तसाच ठेवून संगणकासाठी जादा वेळ दिला. जादा वेळ मिळालेली मुलं, विशेषतः गणितात मागे असलेली, पुढे सरकली. ज्यांचा शिकवण्याचा वेळ संगणकाने घेतला, ती मुलं संगणक न मिळालेल्या मुलांच्याही मागे पडली. ज्ञानशालेतलं नेहमीचं शिकवणं मुळात चांगलं होतं आणि संगणक नेमका त्याच्या जागी आला होता.

नुसतं वाटप केल्याने काय होतं, हे पेरू देशाने मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. तिथे ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना एकेक लॅपटॉप देण्यात आला. २०१२ मध्ये त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं, तेव्हा भाषा आणि गणिताच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. दिल्लीत 'माइंडस्पार्क' केंद्रांचा अनुभव वेगळा होता. शाळा सुटल्यावर मुलं तिथे यायची. निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षकासोबत जायचा. मूल सातवीत असलं तरी त्याला जिथपर्यंत येतं तिथूनच सॉफ्टवेअर सुरुवात करायचं. गणितात त्या मुलांची प्रगती झपाट्याने झाली. वर्गात प्रत्येक मुलाच्या पातळीवर उतरणं एका शिक्षकाला कठीण जातं. यंत्राची मदत तिथे खरी लागते, तशी फळ्यावरचं चित्र मोठं करून दाखवायला लागत नाही.

म्हणून जूनमधल्या पहिल्या बैठकीत वस्तूंची यादी करू नका, अडचणींची करा. 'गणित कच्चं' असं लिहिलंत तर पुढे काहीच करता येणार नाही. 'तिसरीतल्या नऊ मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही', 'पाचवीच्या मुलांना एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा वाटतो', 'सहावीतली सहा मुलं अडखळत वाचतात म्हणून इतिहासाचा धडा त्यांना समजत नाही', इतकं नेमकं लिहा. मागच्या वर्षीच्या चाचण्या आणि वर्गशिक्षकांची टिपणं यांतून अशा आठ-दहा गोष्टी सहज निघतात. त्यातल्या तीनच निवडा. मग प्रत्येकीपुढे विचारा की यात यंत्राने नेमकं काय सोपं होईल. उत्तर मिळालं नाही तर ती अडचण नेहमीच्या मार्गाने सोडवा. त्यात कमीपणा नाही.

काही ठिकाणी उत्तर लगेच मिळतं. विदर्भातल्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात हे फळ्यावर दाखवता येत नाही. बी रुजण्याची आठ दिवसांची क्रिया एका मिनिटात पाहता येते, पण बी आधी कुंडीत रुजवून पाहिलेलं असावं. याउलट पान, मुंगी, आठवडी बाजार, गावची विहीर या गोष्टींसाठी पडदा लावायची गरज नाही. मूल दाराबाहेर पडलं की त्या समोरच असतात.

एक मोबाइल, एक वाचन

अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी काय करता येईल ते जरा जवळून पाहू, कारण त्याला नवी खरेदी लागत नाही. शाळेचा एक साधा मोबाइल आणि त्यातला आवाज मुद्रित करणारा भाग एवढं पुरतं. मुलाला त्याच्या पातळीचा एक छोटा उतारा द्यायचा आणि व्हरांड्यात शांत जागी बसवून एक मिनिट वाचायला सांगायचं. मुद्रण झालं की तारीख आणि हजेरी क्रमांक घालून ते साठवायचं. मग तेच मुलाला ऐकवायचं आणि पुस्तकात बोट ठेवायला सांगायचं. आपण जोडाक्षरापाशी थांबलो, 'त्याच्या'चं 'त्याचा' केलं, पूर्णविराम ओलांडून गेलो, हे मूल स्वतःच पकडतं. बाईंनी चूक दाखवली की मूल ओशाळतं. स्वतःची चूक स्वतःला ऐकू आली की ते पुन्हा वाचून पाहतं. जूनमधलं मुद्रण ठेवून द्यायचं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच उताऱ्याचं नवं मुद्रण त्याच्याशेजारी ऐकवायचं. पालकसभेत आईला गुणपत्रकाआधी हे दोन आवाज ऐकवा. वाचता न येणाऱ्या आईलाही आपलं मूल पुढे गेलं की नाही हे त्यातून कळतं.

यात शिक्षकाची दिवसाला दहा मिनिटं जातात. रोज दोन मुलं धरली तर सहा मुलांचा फेरा तीन दिवसांत पुरा होतो. वेळापत्रकात ही दहा मिनिटं कुठली, हे लिहून ठेवा. परिपाठानंतर इतर मुलांचं स्वयंवाचन चालू असताना हे चांगलं जमतं, कारण तेव्हा कुणाचं शिकवणं बुडत नाही.

अपूर्णांकाचंही असंच. आधी कागदाच्या पट्ट्या दुमडायला द्या. एका पट्टीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार. भाग शेजारी ठेवले की एक चतुर्थांश लहान दिसतो आणि मूल थबकतं. यानंतर कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातली अपूर्णांकाची प्रतिकृती पडद्यावर आणा. ती मोफत आहे, या प्रकल्पातल्या अनेक प्रतिकृती मराठीतही मिळतात आणि एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतात. कागदाचे सात सारखे भाग करणं अवघड जातं, पडद्यावर ते सहज होतात. छेद वाढत गेला की तुकडा कसा बारीक होत जातो, हे मूल स्वतः फिरवून पाहतं. हाताने करून झालं की पडद्याकडे वळा. क्रम उलटा केला तर मुलं नुसती बटणं दाबत राहतात.

चित्रफीत लावायची असेल तर ती आदल्या दिवशी स्वतः पूर्ण पाहा आणि थांबण्याच्या जागा लिहून ठेवा. रक्ताभिसरणाची सात मिनिटांची फीत घ्या. दुसऱ्या मिनिटाला थांबवून मुलांना मनगटावर नाडी शोधायला लावा. मैदानाला एक फेरी मारून परत मोजायला लावा. मग पुढचा भाग दाखवण्याआधी विचारा, ठोके का वाढले असतील? सलग फीत दाखवली तर वर्ग शांत राहतो, पण त्या शांततेत कोणाला काय समजलं याचा पत्ता लागत नाही. सात मिनिटांच्या फितीला पस्तीस मिनिटांचा तास लागतो, असंच धरून चाला.

द्विशिक्षकी शाळांची गरज निराळी आहे आणि तिथे तंत्रज्ञानाला खरा वाव आहे. पहिली-दुसरीला अक्षरांवर घेऊन बसलेल्या शिक्षकाला तिसरी-चौथीच्या मुलांसाठी काहीतरी अर्थपूर्ण काम हवं असतं. चार टॅब असतील तर आठ मुलं जोडीने वीस मिनिटं सराव करू शकतात आणि उरलेली मुलं तेवढा वेळ वहीत काम करतात. मग अदलाबदल. जोडीतही नियम ठेवा: एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याने उत्तर आणि कारण सांगायचं, दहा मिनिटांनी हात बदलायचे. नियम नसेल तर टॅब दांडगट मुलाकडेच राहतो आणि मुली मागे बसून बघत राहतात. दृष्टी किंवा श्रवण अधू असलेलं मूल वर्गात असेल तर त्याचा हक्क पहिला. अक्षर मोठं करणं आणि मजकूर वाचून दाखवणं या सोयी साध्या फोनमध्येही असतात. त्या त्याच्यासाठी सुरू करून देणं हे त्या वर्षाचं पहिलं काम समजा.

मोठ्या मुलांना यंत्र फक्त पाहण्यासाठी देऊ नका. सातवीच्या मुलांनी प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक करावा, पावसाळाभर रोज सकाळी नोंद घ्यावी, ती संगणकावरच्या तक्त्यात भरावी आणि आलेख काढावा. गणित, भूगोल आणि संगणक तिन्ही एका कामात येतात. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा जो रस्ता घालून दिला, त्याच रस्त्यावरचं हे छोटं पाऊल आहे.

शाळेबाहेरचा वेळ

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्या बातमीत पुरस्काराच्या दहा लाख डॉलरचीच चर्चा जास्त झाली. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, हेही गाजलं. नियोजनाच्या दृष्टीने मला त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि कविता, ध्वनिफिती, चित्रफिती पुस्तकाला जोडून दिल्या. पुस्तक मुलाकडे होतंच आणि फोन पालकांकडे होता. शाळेतला तास न खर्चता घरातला वेळ शिकण्यासाठी वापरता आला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतून हे कोड राज्यभर पोहोचले. आज दीक्षा अ‍ॅपवरचं साहित्य आणि ई-बालभारतीवरची पुस्तकं मोफत आहेत, पण पालकांना ती उघडायची कशी हे एकदा शाळेत बसवून दाखवावं लागतं.

घरच्या फोनवर विसंबताना मात्र जपून. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काहीतरी त्यावर केलं होतं, तर ७६ टक्क्यांच्या आसपास मुलांनी समाजमाध्यमं वापरली होती. शिवाय घरात फोन आहे म्हणजे मुलाच्या हातात आहे असं नव्हे. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परततो तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ टाकणं शिक्षकाला सोयीचं वाटतं, पण ज्या चार मुलांना तो मिळत नाही, नेमक्या त्यांनाच त्याची गरज अधिक असते. फोनवर दिलेलं प्रत्येक काम फळ्यावरही लिहा. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका फोन नसलेल्या अनेक घरांत पोहोचली, कारण ती साध्या टीव्हीवर दिसत होती. जुनं माध्यम म्हणून ते टाकून देऊ नका.

पैसा, वीज आणि आवाज

ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याची शाळा गावाच्या मदतीने डिजिटल झाली आणि त्यानंतर, विशेषतः २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासकीय कार्यक्रमाच्या काळात, गावोगावच्या शाळांत लोकवर्गणीतून पडदे लागले. लोकांनी शाळेला आपलं मानलं, ही त्या काळाची मोठी कमाई. पण वर्गणी खरेदीसाठी जमते. तिसऱ्या वर्षीच्या बॅटरीसाठी ती जमत नाही. म्हणून खरेदीच्या ठरावातच पुढच्या खर्चाचं नाव घाला. माझं सुचवणं असं की खरेदीच्या किमतीचा पाचवा-सहावा हिस्सा दरवर्षी देखभालीसाठी धरावा. इन्व्हर्टरची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर कुणीतरी आठवणीने घालावं लागतं, प्रोजेक्टरचा दिवा जातो, एचडीएमआय केबल तुटते, उंदीर वायर कुरतडतात, कोकणात पावसाळाभर बंद राहिलेल्या संचाला ओल लागते. विजेचं बिल शाळा भरणार की ग्रामपंचायत, हे तोंडी ठेवू नका. थकलेल्या बिलापायी वीज तोडली गेली की संगणक कक्षाला कुलूप लागतं.

निवडताना काही साध्या कसोट्या उपयोगी पडतात. दुपारी बारा वाजता, खिडक्या उघड्या ठेवून, शेवटच्या रांगेत मुलाच्या उंचीवर बसा आणि पडद्यावरचं अक्षर वाचता येतं का पाहा. पत्र्याच्या, भरपूर उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टर फिका पडतो, तिथे टीव्ही बरा. पावसात पत्र्यावर आवाज होत असताना टीव्हीचा स्वतःचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही. दोन चांगले स्पीकर घ्यायला पडद्याचा आकार थोडा कमी करावा लागला तरी चालेल, कारण भाषेचा धडा कानानेच शिकायचा असतो. इंटरनेट नाही असं गृहीत धरून नियोजन करा. आठवड्याचं साहित्य घरून किंवा केंद्रशाळेतून उतरवून पेन ड्राइव्हवर आणायचं. रेंज मिळाली तर ती जमेची बाजू.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करणं हे याच समितीचं काम आहे. तंत्रज्ञानाचा भाग त्याच आराखड्यात लिहा, वेगळी फाइल करू नका. दात्याशी बोलताना हा आराखडा हातात असू द्या. 'आम्हाला वीस टॅब नकोत, सहा द्या आणि उरलेल्या रकमेत सौर पॅनल आणि दोन वर्षांची देखभाल द्या' असं नम्रपणे सांगता येतं, आणि कारण सांगितलं की चांगला दाता ऐकतो.

मुलांच्या माहितीबद्दल अजून आपण पुरेसे सावध नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती हे मूळ तत्त्व आहे. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो मागणारं मोफत अ‍ॅप घेण्याआधी, ही माहिती त्याला कशाला हवी, हे विचारा. जाहिराती दाखवणारं अ‍ॅप वर्गात नकोच. वाचनाची मुद्रणं शिक्षकाच्या खासगी फोनवर न ठेवता शाळेच्या उपकरणावर ठेवा आणि वर्ष संपल्यावर पालकांना हवी असतील तर देऊन पुसून टाका. चुकणाऱ्या मुलाची चित्रफीत गटात फिरवणं तर कधीच नको.

वापराची वही ठेवा, पण चार रकान्यांचीच: तारीख, इयत्ता, कोणत्या अडचणीसाठी, मुलांनी काय केलं. 'चित्रफीत दाखवली' ही नोंद शिक्षकाच्या कामाची झाली, मुलांच्या नाही. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत दर वेळी एका शिक्षकाने असा एक तास, फसलेल्या भागासह, इतरांना करून दाखवावा. मोठ्या प्रशिक्षणापेक्षा शेजारच्या शाळेतल्या बाईंचा अनुभव लवकर पचतो. दिवाळीआधी आणि मार्चमध्ये जूनच्या त्या तीन अडचणी पुन्हा काढा. नऊपैकी किती मुलांना आता हातच्याची वजाबाकी येते? दोन सत्रं होऊनही फरक नसेल तर तो उपक्रम थांबवा आणि तो वेळ शिक्षकाला परत द्या.

जिल्हा परिषद शाळांत शेवटची काळजी बदल्यांची. हौसेने सगळं उभारणारे गुरुजी दुसऱ्या तालुक्यात जातात आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही जातात. नवे गुरुजी कपाट उघडायला कचरतात, कारण जडवस्तू नोंदवहीत संच त्यांच्या नावावर चढणार असतो आणि बिघडला तर जबाब द्यावा लागेल अशी भीती असते. एक पान लिहून मुख्याध्यापकांकडे ठेवा: कोणत्या संचाचा पासवर्ड काय, वॉरंटी कधीपर्यंत, दुरुस्तीला कुणाला बोलवायचं, पेन ड्राइव्हवर कोणत्या इयत्तेचं काय आहे, कोणती मुलं कोणत्या पातळीवर आहेत. वापरात काही बिघडलं तर जबाबदारी एकट्या शिक्षकाची नसेल, असा ठराव समितीने करून त्याच पानाला जोडावा. निकामी संचांचं निर्लेखन दरवर्षी वेळेत करून ते ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत, म्हणजे कपाटात चालू वस्तूच राहतील. आणि पाचवीपासूनच्या दोन-दोन मुलांना संच लावणं, बंद करणं, चार्जिंगला ठेवणं शिकवून ठेवा, त्यातली एक मुलगी असेल हे पाहा. गुरुजी बदलून गेले तरी ही मुलं शाळेतच असतात.